तारेत नसलेला गांधार

तंबोरा लावणाऱ्याकडे कधी निरखून पाहावं. डोळे अर्धवट मिटलेले, कान दांडीशी, एका हाताची बोटं तारांवर आणि दुसरा हात घोडीखालच्या मण्यावर. मणी केसभर सरकतो आणि जोडाच्या, म्हणजे एकाच षड्जात लावायच्या, दोन तारांमधला डोल संथ होतो. हा डोल म्हणजे दोन तारांच्या कंपनसंख्यांतला फरक. एक तार सेकंदाला १३९ वेळा आणि दुसरी १३८ वेळा कंप पावत असेल, तर नाद सेकंदातून एकदा भरतो आणि ओसरतो. दोन सेकंदांतून एकदा भरला, तर फरक अर्ध्या कंपनाचा. डोल थांबला की जोड मिळाले. यंत्राला विचारायची गरज पडत नाही. कान मोजून मोकळा झालेला असतो.

काळी एकचा पुरुषी तंबोरा घेतला, तर खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९.३ कंपनं करते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो. भागाकार केला की खर्जाच्या एका लहरीची लांबी निघते : जवळजवळ पाच मीटर. तंबोऱ्याच्या उंचीच्या तिपटीहून जास्त! एवढी लहर खोलीभर पसरते, पण हवा काही तंबोऱ्यापासून आपल्या कानापर्यंत चालत येत नाही. हवेचे कण जागच्या जागी मागेपुढे होतात. पुढे सरकतो तो दाबाचा चढउतार.

आता खरी मौज. तारा चार : पंचम, दोन जोड आणि खर्ज. गांधाराची तार कुठेच नाही. तरी तंबोरा नीट लागला की गांधार झंकारतो. जाणकार त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. खर्जाची तार एकटी बोलत नाही. दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वर ती सोबत घेऊन येते. चौथ्या पटीत षड्ज, पाचव्या पटीत गांधार.

तो एवढा स्पष्ट ऐकू येतो ही जवारीची करामत. मिरजेचे कारागीर घोडीचा रुंद माथा कानशीने घासत किंचित उतार देतात आणि तारेखाली बारीक दोरा सरकवतात. तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि वरचे उपस्वर पुन्हा पुन्हा जागे होतात. तार जिथे छेडावी, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर उमटू नये, असा भौतिकशास्त्राचा नियम. तंबोऱ्यावर तो उमटतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिलं आणि त्याचं श्रेय घोडीला दिलं.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी स्वर मोजण्याचा असाच ध्यास घेतला होता. अब्दुल करीम खाँसाहेबांचे स्वर त्यांनी तारेच्या लांबीवर ताडून पाहिले आणि १९१० साली बावीस श्रुतींची गुणोत्तरं इंग्रजी पुस्तकात मांडली. गाणारा गळा आणि मोजणारी तार तेव्हा समोरासमोर बसली होती.

त्यांची तळमळ कळायला एक हिशेब पुरतो. आपल्या खर्जाची पाचपट म्हणजे ३४६.५ कंपनं. पांढरी सहा ४४० धरून लावलेल्या पेटीवर काळी एकचा गांधार पांढरी चारवर येतो. तिथे कंपनं ३४९.२. तंबोरा झंकारत असताना ती पट्टी धरून ठेवा. सेकंदाला जवळजवळ तीन डोल पडतील. पेटी बेसूर नाही. सप्तकाचे बारा सारखे भाग करण्याच्या सोयीसाठी तिने मोजलेली ती किंमत आहे. गाणाऱ्या गळ्याला मात्र ती मोजायचं कारण नाही.

म्हणून एवढंच सांगणं : मुलांना गाणं शिकवायचं असेल, तर पेटीआधी तंबोरा हातात द्या आणि डोल मोजायला शिकवा. मग सूर लागला की नाही, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरणार नाही.