व्यवसाय : वडाभात

आमच्या बँकेच्या अर्जावर ‘व्यवसाय’ नावाचा एक रकाना असतो. तो जेमतेम दीड इंच लांब आहे आणि माणूस आयुष्यभर जे काही करतो ते या दीड इंचात बसले पाहिजे, अशी बँकेची माफक अपेक्षा असते. नोकरी, व्यापार, शेती, गृहिणी, सेवानिवृत्त ही मंडळी तिथे सुखाने नांदतात. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी वीस वर्षे हा रकाना वाचत आलो आहे. त्यात ‘समाजसेवा’ लिहिणारे कर्जदार मी पाहिले आणि ‘चिंतन’ लिहिणारा एक मुदत ठेवीदारही पाहिला. परंतु ‘खाद्यपदार्थांची चित्रे काढणे’ असे लिहिणारी व्यक्ती आमच्याच घरात निपजावी, हा योग पत्रिकेतच असावा लागतो.

ही व्यक्ती म्हणजे माझी पुतणी. धरमपेठेत, लक्ष्मीभुवन चौकापासून पायी पाच मिनिटांवर आमचे जुने घर आहे. त्याच्या वरच्या खोलीत पूर्वी गाद्या, ट्रंका आणि न लागणारी भांडी राहत. आता तिथे पुतणी राहते आणि त्या खोलीला ‘स्टुडिओ’ म्हणावे लागते. पुण्यातल्या जाहिरातीच्या कंपनीतली नोकरी सोडून, म्हणजे दरमहा पगार आणि भविष्यनिर्वाह निधी सोडून ती नागपूरला परत आली, तेव्हा दादा जिना चढून वर गेला आणि दारातूनच गरजला, “नोकरी सोडून आता काय काढून राहिली? भाजी?”

प्रश्न रागाचा होता, पण उत्तर होकारार्थी होते. त्या दिवशी ती दोडके काढत होती.

वाचकहो, हा धंदा काय आहे ते आधी सांगतो, कारण मलाही तो हप्त्याहप्त्याने समजला. पाककृतींच्या पुस्तकांना चित्रे लागतात. मसाल्याच्या पाकिटाला, लोणच्याच्या बरणीला, हॉटेलच्या मेनूला आणि भिंतीला लागतात. हल्ली लग्नाच्या पत्रिकेत नवरानवरीच्या नावाखाली जेवणाचाही बेत चितारतात. ही सगळी कामे कोणाची नोकरी न करता करायची, याला ‘फ्रीलान्स’ म्हणतात. दुर्दैवाने या शब्दातला ‘फ्री’ एवढाच भाग आपल्या लोकांना ऐकू जातो. वहिनींच्या भिशीतल्या बायका येता-जाता म्हणतात, “एक छोटासा मोदक काढून दे ना गं, पाच मिनिटांचं तर काम!” मोदकाच्या कळ्या काढायला पाच मिनिटे पुरत नाहीत, हे खुद्द मोदक करणाऱ्या बायकांनी विसरावे याचे मला नवल वाटते.

बरे, कामाला माल आणायचा तोही आमच्यासारखा नाही. गोकुळपेठ बाजारात मी भाजी घेतो ती खायला, पुतणी घेते ती बघायला. मी सरळ वांगे शोधतो, ती वाकडे. एकदा तिने पालकाच्या ढिगातून किडीने खाल्लेली पाने निवडून काढली आणि भाजीवालीने माझ्याकडे ‘घरी सगळं ठीक आहे ना’ अशा नजरेने पाहिले. आता ती बाई तिच्यासाठी तिरपे गाजर आणि जोड-टमाटे बाजूला काढून ठेवते आणि त्याचे पैसेही लावत नाही. नागपुरात कलेला मिळालेला हा पहिला राजाश्रय असावा.

खरी पंचाईत चालू होते ती पदार्थ शिजल्यावर. माणसाचे चित्र काढताना माणूस कंटाळतो, एवढेच. तर्री-पोह्याचे तसे नाही. तर्री म्हणजे चण्याचा तो झणझणीत रस्सा, आणि त्याचे सगळे वैभव वर तरंगणाऱ्या लाल तेलात असते. ताट जरा निवले की ते तेल कडेला जाऊन रुसून बसते. म्हणून रविवारी सकाळी मी कस्तुरचंद पार्ककडून पोहे आणायचे, तिने ब्रश ओला करून तयार राहायचे आणि रंग लागेपर्यंत घरात कोणी चमचा उचलायचा नाही, असा आमचा दंडक आहे. त्या लाल रंगासाठी तिला तीन तांबडे आणि एक पिवळा लागतो. चित्र होते तेव्हा पोहे थंडगार झालेले असतात आणि चित्रातले मात्र वाफाळत असतात. आम्ही थंड पोहे खात गरम पोह्यांकडे बघतो. कलेचा आस्वाद म्हणतात तो हाच काय?

संत्र्याचे वेळापत्रक आणखी वेगळे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याने बारमाही हजर राहायचे कबूल केलेले नाही. आंबिया बहाराचे फळ साधारण दिवाळीच्या आगेमागे बाजारात येते आणि मृग बहाराचे फेब्रुवारीनंतर. बाहेरच्या एका ग्राहकाने ऐन जूनमध्ये संत्र्याचे चित्र मागितले आणि नमुना म्हणून परदेशी संत्र्याचा गुळगुळीत, गोल फोटो पाठवला. आमच्या संत्र्याचे साल सैल, देठाजवळ थोडे उंचवलेले, अंगावर बारीक खड्डे आणि पिवळ्यात कुठेतरी हिरवट झाक. पुतणीने आठवणीतून तसेच काढले. ग्राहक म्हणाला, “हे जरा जुनं वाटतं.” ती म्हणाली, “जुनं नाही, नागपूरचं आहे.”

भाषेचाही घोळ होतो. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्यामुळे आमची सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचे सारण भरलेली पुडाची वडी. एका पुस्तकासाठी तिने ती काढून पाठवली तर तिकडून निरोप आला, “वडी छान आहे, पण सांबाराची वाटी राहिली.” त्या निरोपाची छापील प्रत तिने स्टुडिओत लावून ठेवली आहे.

आता आमच्या नातेवाइकांना वाटते की खाण्याची चित्रे काढणे हे या पिढीचे खूळ आहे. त्यांच्या समाधानासाठी मी थोडा अभ्यास केला. आर्चिम्बोल्दो नावाच्या इटालियन चित्रकाराने १५९० च्या सुमारास सम्राट दुसरा रुडॉल्फ याचे चित्र चक्क फळे, भाज्या आणि फुले रचून केले. आणि सम्राट रागावला नाही! असा वरिष्ठ मला नोकरीत भेटलेला नाही.

त्याहून मला आवडते ती फ्रान्सच्या माने या चित्रकाराची गोष्ट, कारण तिच्यात हिशेब आहे. १८८० साली त्याने शतावरीच्या कोवळ्या कोंबांची एक जुडी चितारली आणि शार्ल एफ्रुसी नावाच्या गृहस्थाला ८०० फ्रँकला विकली. एफ्रुसीने १,००० फ्रँक पाठवले. आमच्या बँकेत दोनशे जास्त आले असते तर आम्ही ते सस्पेन्स खात्यात टाकून तीन वर्षे पत्रव्यवहार केला असता. मानेने काय केले? एकाच कोंबाचे आणखी एक छोटे चित्र काढले आणि तुमच्या जुडीतला एक राहिला होता, अशा अर्थाची चिठ्ठी लावून पाठवून दिले. ताळा जुळवण्याची याहून सुंदर रीत मी कॉमर्सच्या कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही.

आपल्याकडेही तोटा नाही. लोण्याच्या जाहिरातीतली अमूलची ती ठिपक्यांच्या फ्रॉकातली मुलगी १९६६ साली युस्टेस फर्नांडिस यांनी काढली आणि पुढे अनेक वर्षे ती जयंत राणे यांच्या हातून उतरत राहिली. भाकरीवर लोणी कुंचल्याने मिळवणे म्हणतात ते हे. गोव्याच्या मारिओ मिरांडांनी १९९० च्या सुमारास कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंती चित्रांनी भरून टाकल्या. मारिओ २०११ साली गेले, पण तिथे बसून खाणाऱ्यांकडे भिंतीवरची खाणारी माणसे अजून बघत असतात.

आणि अगदी अलीकडचे सांगायचे तर, कॅटेलान नावाच्या इटालियन कलावंताने २०१९ साली एक केळे चिकटपट्टीने भिंतीला लावले. २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात ही कलाकृती ६२ लाख डॉलरना गेली आणि घेणाऱ्याने पुढे केळे खाऊन टाकले. मी दादाला हे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आपल्या पोरीला सांग, चित्र कायले काढते, नुसतं चिकटव म्हणा.”

पण वसुलीचे काय? इथे मात्र मी, म्हणजे पुतणीचा बिनपगारी लेखापाल, कामाला येतो. चित्र मागताना ‘अर्जंट’ असणारे लोक पैसे देताना ‘प्रोसेसमध्ये’ असतात. एका प्रकाशकाने सहा महिने बिल लोंबकळत ठेवले. मी तिची उद्यम नोंदणी करून दिली आणि २००६ चा कायदा काढून समोर ठेवला : सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढ व्याज. हे वाचताना माझा आवाज भरून आला, असे पुतणी म्हणते. पत्र गेले आणि आठव्या दिवशी पैसे आले. व्याज आले नाही, पण त्यांनी पुढच्या पुस्तकाचे काम दिले.

दुसरी गोष्ट मी तिला शिकवली ती हक्काची. वडाभाताच्या नुसत्या कृतीवर कोणाला स्वामित्वहक्क सांगता येत नाही, पण वडाभाताच्या चित्रावर येतो, आणि तो चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे चालतो. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर १९५७ चा कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. म्हणून ती आता प्रत्येक कामाचा कागद करते. ब्रश धरायला ती आणि कागद वाचायला मी, अशी आमची भागीदारी आहे.

हल्ली नवे संकट आले आहे. मागच्या वर्षी एका मसालेवाल्याने सांगितले, “ताई, आता कॉम्प्युटरला सांगितलं की फुकटात चित्र देते.” त्याने मोबाइलवर ते दाखवलेही. भाताच्या ढिगावर दोन बटाटेवडे आणि शेजारी पाव! पुतणी हसली, पण त्या रात्री तिच्या खोलीतला दिवा बराच वेळ जळत होता. त्या महिन्यात तीन कामे हातची गेली होती. मी वही मिटून ठेवली आणि काही बोललो नाही. चक्रवाढ व्याजाचा कायदा इथे लागू पडत नव्हता.

त्याच दिवसांत आत्या आमच्याकडे राहायला आली. वय ८२. वडाभात करावा तर तिने, हे आमच्या खानदानात निर्विवाद आहे. हरभऱ्याची, तुरीची, मुगाची, उडदाची डाळ भिजवून भरड वाटायची, वडे तळायचे, भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरी-मिरचीची कडकडीत फोडणी. हे कोणालाही सांगता येते. पण आत्याला अलीकडे नावे आठवत नाहीशी झाली आहेत. पुतणी वही घेऊन बसली.

“आत्याआजी, डाळ किती?”

“पुरेल इतकी.”

“आणि वाटायची किती?”

“कळते ना हाताले.”

पुतणीने वही मिटली आणि ब्रश घेतला. दोन दिवस आत्या स्वयंपाकघरात आणि ही दारात पाटावर. डाळीची भरड बोटांत कशी दिसते, तळहातावर वडा केवढा आणि अंगठ्याने दाबतात तो किती, तेलात पहिला वडा कोणत्या रंगाला उलटायचा, फोडणीचा पळा किती वर धरायचा, अशी तिने हातांची चौदा चित्रे केली. आत्याला दाखवली. तिला आपली नात ओळखू येत नव्हती, पण पाचव्या चित्राशी ती थबकली आणि करड्या आवाजात म्हणाली, “हा वडा माझा नाही. मोठा आहे.” पुतणीने ते चित्र पुन्हा काढले.

आता आत्या स्वयंपाकघरात जात नाही. गेल्या संक्रांतीच्या सुमारास आमच्या सौभाग्यवतींनी ती चौदा चित्रे ओट्यामागे चिकटपट्टीने लावली आणि वडाभात केला. आत्याने दोनदा वाढून घेतला. दादाने तीनदा घेतला आणि हात धुऊन आल्यावर ओट्यापाशी उभे राहून पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत सगळी चित्रे पाहिली. बोलला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने वरच्या खोलीत मोठी ट्यूबलाइट बसवून घेतली.

त्या चित्रांना एका प्रकाशकाने पंधरा हजार देऊ केले होते. पुतणी म्हणाली, विकायची नाहीत. मार्चअखेरीस मी तिची वही पूर्ण करायला बसलो तेव्हा प्रश्न पडला की ही नोंदवायची कशी. विक्री नाही, खर्च म्हणावा तर माल शिल्लक आहे. शेवटी बी.कॉम.ला शिकलो होतो तेच केले : अखेरचा शिल्लक साठा, मूळ खर्च किंवा बाजारभाव यांपैकी जे कमी असेल त्या किमतीला. कागद, रंग आणि सव्वा किलो डाळी मिळून मूळ खर्च पाचशे साठ रुपये झाला होता. तेवढेच लिहिले आणि ताळेबंद जुळला.