थंड व कोरड्या जागी

औषधाच्या बाटलीवर जे वाङ्मय छापलेले असते, त्याचा मी जुना वाचक आहे. अल्पाक्षरत्वाच्या बाबतीत आपले प्राचीन सूत्रकारसुद्धा त्याच्यापुढे पाल्हाळिक वाटावेत. ‘हलवून घ्यावे.’ ‘मुलांच्या हाती लागू देऊ नये.’ ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे.’ एक अक्षर जास्त नाही! परंतु सूत्र म्हटले की भाष्य आलेच; आणि या शेवटच्या सूत्रावर भाष्य करण्याचा पहिला मान, माझ्या मते, आम्हां घाटाखालच्या लोकांचा आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत. एक घाटावरचा, दुसरा घाटाखालचा. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगरात सुमारे २००० फुटांवर वसले आहे. तिथला माणूस मे महिन्यातही पहाटे अंगावर चादर ओढतो. राजूरचा घाट उतरून मलकापूरकडे निघा, नाहीतर बोथ्याच्या जंगलातून खामगावकडे या. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन लागली की ऊन तुमच्याशी एकेरीवर येते. पारा ४३-४४ अंशांवर चढून बसतो. आता अशा गावी कोरडी जागा हवी तेवढी मिळेल. पण थंड जागा? ती कुठून आणावी?

हा प्रश्न आमच्या घरात शिरला तो अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या डोळ्यांवाटे. अण्णांना काचबिंदू आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सख्ख्या भावांची वाटतात, पण स्वभावात दोन ध्रुवांचे अंतर! मोतीबिंदूने नेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदू एकदा नेले ते परत देत नाही. बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस वाळत जाते आणि नजरेच्या कडेकडेने अंधार आत सरकतो. अनेकदा दुखत नाही की खुपत नाही. अण्णांचा डावा डोळा असाच, घरात कुणाला चाहूल न देता गेला. उरला उजवा. सकाळचे वर्तमानपत्र आणि रात्रीची शेगावच्या महाराजांची पोथी हे त्यांचे सारे जग आता त्या एका डोळ्यावर उभे आहे.

आणि तो डोळा उभा आहे एका थेंबावर! लॅटानोप्रॉस्ट नावाच्या औषधाचा रोज रात्री एक थेंब. बाटली उणीपुरी अडीच मिलिलिटरची. एका थेंबात औषध असते सुमारे दीड मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचे १० लाख भाग करा आणि त्यांतला दीड उचला. एवढ्याशा औषधाच्या तब्येती मात्र जावयासारख्या सांभाळाव्या लागतात. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. उघडल्यावर ती २५ अंशांपर्यंत सहा आठवडे चालते. याला कंपन्या ‘खोलीचे तापमान’ म्हणतात. कोणाची ही खोली? आमच्या सिमेंटच्या स्लॅबखालची खोली मे महिन्यात रात्री दहा वाजताही ३५ अंशांच्या खाली उतरायला तयार नसते.

दूध नासले की फाटते, लोणी वितळते, भाजी कोमेजते. बिघडल्याची वर्दी देण्याचे सौजन्य या साऱ्यांत आहे. हे औषध तापून क्षीण झाले, तरी पाण्यासारखे नितळच दिसते. थेंब पडतो, डोळा चुरचुरतो, मनाला समाधान होते; आणि आत दाब वाढत असतो.

एकदा भर उन्हाळ्यात अण्णा एका दुकानात थेंब आणायला गेले. दुकानदाराने उन्हातल्या फळीवरची बाटली काढून पुढे केली.

“फ्रिजमधली द्या,” अण्णा म्हणाले.

“काही होत नाही काका, सगळे अशीच नेतात.”

“बाबा रे, लोणी असते तर वितळलेले दिसले असते. हे वितळत नाही, म्हणून तर मला भीती वाटते.”

अण्णा रिकाम्या हाताने परतले आणि संध्याकाळी दुसऱ्या दुकानातून बर्फाच्या पिशवीसकट बाटली घेऊन आले. बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये त्यांनी रुमालाची घडी घातली होती, कारण हे थेंब गोठणेही बरे नाही.

घरी फ्रिज आहे. त्यात बाटली बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवायची नाही आणि सतत उघडणाऱ्या दारातही ठेवायची नाही. मधल्या फळीवर, झाकणाच्या डब्यात. परंतु उन्हाळ्यातली वीज ही माहेरवाशिणीसारखी. कधी जाईल आणि कधी येईल, सांगता येत नाही. तिचा मुक्काम लांबला की आमची मदार माठावर.

जुन्या घरांत थंड जागा मुद्दाम शोधावी लागत नसे. जाड मातीच्या भिंती, दाराला वाळ्याच्या ताट्या, कोपऱ्यात तिवईवर माठ. आपण भिंती पातळ केल्या आणि थंडाव्याचे काम एकट्या विजेवर सोपवले. अण्णांनी ते पुन्हा मातीकडे दिले. एका मोठ्या माठात लहान मडके, मधल्या जागेत ओली वाळू, वरून ओले फडके. आणि मडक्यात, कोरड्या डबीत, बाटली. पाणी वाफ होताना उष्णता ओढून नेते. आमच्या कोरड्या हवेत एवढ्याने दहा अंशांचा फरक सहज पडतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे ही युक्ती लंगडी पडते, पण तेव्हा तिची गरजही कमी होते. नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा नावाच्या शिक्षकाने भाजीपाल्यासाठी अशाच जोडमडक्यांचा प्रसार केला आणि २००० साली त्याला रोलेक्स पारितोषिक मिळाले, हे मी अण्णांना सांगितले. “मडके आपल्याकडे केव्हापासूनचे,” एवढेच म्हणून ते वाळूवर पाणी शिंपडू लागले.

सर्वच थेंबांना गारवा लागतो असे मात्र नाही. प्रत्येक बाटलीचे सूत्र निराळे. ते वाचावे, न कळल्यास औषधवाल्याला विचारावे. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी, कारण बहुतेक थेंब चार आठवड्यांनंतर टाकून द्यायचे असतात. आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत बाटली क्षणभरही विसरू नये. बंद मोटार म्हणजे भट्टीच.

‘डोळ्यांत तेल घालून जपणे’ हा वाक्प्रचार मी वर्गात कित्येक वर्षे शिकवीत आलो आहे. रात्र जागवणारा पहारेकरी झोप येऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालतो, असे त्याचे स्पष्टीकरण. आमच्या घरी पहारा द्यायचा आहे तो डोळ्यांत घालायच्या थेंबावरच. माझी बारा वर्षांची मुलगी शाळेत निघण्यापूर्वी त्या माठाचे फडके भिजवते. कोणी सांगावे लागत नाही. रात्री अण्णा मान मागे टाकून बसतात, ती थेंब सोडते आणि मिनिटभर दोघेही गप्प असतात. मग अण्णा डोळा पुसून चष्मा चढवतात आणि पोथीची खूण शोधू लागतात.