आईचा वजनकाटा

माझी आई आटपाडी तालुक्यातल्या आमच्या गावात अंगणवाडी सेविका होती. गाव तिला ‘बाई’ म्हणायचं, अजूनही म्हणतं. अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आमच्याकडे अंगणवाडी आली ती बरीच नंतर, आणि आली तेव्हा दहावी झालेली सून म्हणून आईचं नाव पुढे आलं. सहा वर्षांखालची पोरं, गरोदर बायका, बाळंतिणी, त्यांचा आहार, लसी, वजनं आणि या सगळ्याची रजिस्टरं तिच्याकडे. मला तिने समोर बसवून उपदेश असा कधी केला नाही. शाळा सुटली की मी अंगणवाडीत जाऊन बसायची आणि तिचं काम बघायची. आज माझ्या नोकरीत जे काही मी नीट करते, ते बरंचसं तिथे बघितलेलं आहे. हे तिला सांगायचं कधीचं मनात होतं.

वजनाचा दिवस मला सगळ्यात आवडायचा. खोलीच्या तुळईला काटा टांगलेला, त्याच्या हुकाला कापडी झोळी. पोरगं झोळीत घालण्याआधी आई रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायची. हे दर मुलाच्या आधी. मदतनीस मावशी म्हणायच्या, “बाई, आत्ताच तर बघितला की.” आई म्हणायची, “असू द्या. काटा आपला चुकायचा आणि बोलणी त्या पोरीला बसायची.” मूल लाथा झाडत असेल तर ती थांबायची, त्याच्याशी काहीबाही बोलत राहायची. काटा हलायचा थांबला की आकडा बघायची आणि तोंडातून शब्द न काढता वहीत लिहायची.

आकडा मोठ्याने का वाचत नाहीस, असं मी एकदा तिला विचारलं. भाकरी थापता थापता तिने सांगितलं, “तिथं तिची सासू असती, जाऊ असती. जावेचं पोरगं नऊ किलो आणि हिचं सात, हे चारचौघींत कानावर पडलं की घरी गेल्यावर तिला घास गोड लागंल का?” म्हणून ती कार्ड घेऊन त्या बाईला कोपऱ्यात, माठापाशी न्यायची. मुलींचा तक्ता गुलाबी, मुलांचा निळा. त्यावर हिरवा, पिवळा, नारंगी पट्टा. मागच्या महिन्याचा ठिपका आणि आत्ताचा ठिपका यांवरून बोट फिरवत हळू आवाजात सांगायची. वाचता न येणाऱ्या बायकांनाही ती रेघ वर चालली की खाली, हे बरोबर कळायचं.

ज्या मुलाची रेघ खाली आली असेल त्याच्या घरी आई दिवेलागणीला जायची, मुद्दाम स्वयंपाकाच्या वेळेला. चुलीपाशी बसायची, आधी शेरडाकरडांची चौकशी करायची, मग तव्याकडे, पातेल्याकडे बघायची. कागदावरचा ‘सकस आहार’ हा शब्द तिच्या तोंडी मी तिथे कधी ऐकला नाही. घरात जे दिसेल त्यातूनच ती सांगायची. भाकरी आमटीत नीट कुस्कर, वर चमचाभर तेल सोड, शेंगदाण्याचं कूट घाल. लेकराचं पोट मुठीएवढं, एकदम भरायला जाऊ नको, दिवसातनं पाच वेळा थोडं थोडं दे. पातळ पाणीदार पेज पाजून पोट भरतं पण अंगाला लागत नाही, हे ती पातेल्यातला डाव वर उचलून दाखवायची. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर अंगावरचं दूध सोडून दुसरं काही नको, वरचं पाणीसुद्धा नको, आणि हे ती सुनेला नाही, सासूला सांगायची. घरात निर्णय कोण घेतं हे तिला पक्कं ठाऊक असायचं.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची कार्डं ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून आयांच्या हातात द्यायची. पुढची लस कधी, ते त्यावर ठळक लिहिलेलं. “फडावर कुणीबी नर्स आली तर हे दाखवायचं.” टोळ्या परत आल्या की पहिली चौकशी पिशवीची.

मी बँकेत आहे. आमच्या शाखेत महिन्याच्या ठराविक दिवसांत म्हाताऱ्या बायकांची रांग लागते, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे आले का ते बघायला. बरोबर मुलगा, पुतण्या, शेजारी कुणीतरी असतं. मी शिल्लक कधी मोठ्याने सांगत नाही. चिठ्ठीवर लिहिते, चिठ्ठी त्यांच्याकडे फिरवते, वाचता येत नसेल तर त्यांनाच काउंटरच्या आत खुर्चीवर बोलावते. कुणाच्या खात्यात किती आहे हे बरोबरच्या माणसाला कळलं की ते संध्याकाळपर्यंत टिकेलच असं नाही, हे मी पाहिलेलं आहे. आणि एखाद्या खात्यात गोंधळ दिसला तर समोरच्या बाईला विचारण्याआधी मी आमची नोंद पुन्हा तपासते. ही सवय मला कुठल्या प्रशिक्षणात लागलेली नाही.

एक गोष्ट मात्र मला मोठेपणी कळली. आईला पगार नव्हता, मानधन होतं. तेही पुष्कळदा उशिरा. इतकं मन लावून काम करणारी ही बाई संघटनेच्या प्रत्येक मोर्चाला जायची, आणि लहानपणी मला त्या दोन गोष्टींचा मेळ लागायचा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका-मदतनिसांनी संप पुकारला, मानधनवाढ, ग्रॅच्युइटी, पेन्शन या मागण्यांसाठी, तेव्हा निवृत्तीला टेकलेली आई गुडघे दुखत असताना गाडीत बसून मुंबईला निघाली. मी म्हटलं, तुला आता त्यातलं काय मिळणार? ती म्हणाली, “मनापासून करतो म्हणून फुकट करायचं न्हाई. माझ्या मागनं येणारीनं तरी पोट भरून काम करावं.” जाण्याआधीच्या संध्याकाळी ती नारंगी पट्ट्यातल्या, म्हणजे फार कमी वजनाच्या, मुलांच्या दोन घरांना भेट देऊन, तेल-कुटाचं पुन्हा बजावून आली होती. संप होता तो कामावर होता, त्या लेकरांवर नव्हता. पहिल्याच पगारवाढीच्या वेळी मी वरिष्ठांसमोर माझं म्हणणं शांतपणे मांडू शकले, ते या बाईची मुलगी म्हणूनच.

परवा सुट्टीला गावी गेले तेव्हा हे सगळं तिला सांगितलं. चिठ्ठीचं, खुर्चीचं, सगळं. एका आजींचं खातं केवायसी राहिल्यामुळे अडकलंय, त्यांचे कागद गोळा करतेय, हेही बोलता बोलता निघालं. आईने ऐकून घेतलं. डोळे पुसले. मग म्हणाली, “त्या म्हातारीचं आधार कार्ड आहे का घरात, का लेकानं ठिवून घेतलंय? ते आधी बघ.”

सोमवारी शाखेत गेल्यावर मी पहिला फोन त्यासाठीच केला.