जार पडायच्या आधी

माण तालुक्यातल्या माझ्या पहिल्या शेळीपालन प्रशिक्षणाला मी ५८ स्लाइड घेऊन गेलो होतो. समोर सगळे बाप्ये. सातबारा ज्याच्या नावावर, प्रमाणपत्र त्याला, असा एका योजनेचा नियम होता. प्रश्न एकच: अनुदान किती टक्के? शेळ्या ज्या सांभाळत होत्या, त्या बायका शेळ्यांबरोबर रानात होत्या.

त्याच संध्याकाळी एका घरी बोलावणं आलं. उस्मानाबादी शेळी नुकतीच व्यालेली, जुळी करडं डालग्याखाली झाकलेली. म्हातारी म्हणाली, "जार पडल्याबिगर पाजत नसत्यात. आत अडकतंय."

खरं तर उलटं आहे. करडू सडाला झोंबलं की शेळीचं गर्भाशय आकुंचन पावतं आणि जार सुटायला मदतच होते. शिवाय आईच्या पोटात असताना करडाला रोगाशी लढायची शिदोरी मिळत नाही. ती सगळी चिकात. ती आतड्यातून रक्तात जायची वाट तासागणिक अरुंद होते आणि दिवसभरात जवळजवळ बंद होते. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवशी साधारण २०० ग्रॅम चीक हवा, आणि पहिला घोट तासाभरात.

यातलं मी तिला काहीच सांगितलं नाही. "झालं वाईट तर माझ्या माथी," एवढंच म्हणालो. सड दाबून पहिली घट्ट धार काढून टाकली आणि करडाचं तोंड लावलं. क्षणभर काही नाही. मग शेपूट भराभर हलायला लागलं. दुसरा चहा होईतो जार पडला होता.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला. वर्षानुवर्षांचं काम. पण जुळी जन्मतात ती लहानखुरी, आणि डालग्याखाली चिकाविना राहिली तर ते सगळं काम तिथंच संपू शकतं. आम्ही प्रशिक्षक मात्र जातींवर तासन्‌तास बोलतो.

आता स्लाइड नेत नाही. दुपारी, बायकांना उसंत असते तेव्हा, गोठ्यातच बसतो. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस का, हे सांगावं लागत नाही. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर सगळ्यात गुबगुबीत करडूच अचानक कसं गेलं, ते त्याच मला सांगतात. करणी केली म्हणून कुणावर संशय घेतला, तेही.

परवा डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवत होतो: आत लालसर असेल तर ठीक, पांढरी पडली तर पोटातले जंत रक्त पिताहेत. प्रत्येकीनं आपापली शेळी तपासली. एकीनं शेळी सोडली, शेजारी बसलेल्या सुनेची हनुवटी वर केली आणि तिची पापणी खाली ओढली.

"डॉक्टर, हिचं पण पांढरंच हाय की."