एका मेलपायी अख्खा इनबॉक्स

कोल्हापूर आणि आसपासच्या छोट्या कचेऱ्यांचे संगणक सांभाळणं हे माझं काम. फाउंड्रीवाले, सीए, वकील, दवाखाने, पतसंस्था असे माझे ग्राहक. यांचा निम्मा धंदा आता मेलवर चालतो. खरेदीच्या ऑर्डरी, कास्टिंगची ड्रॉइंग, जीएसटीच्या नोटिसा, बँकेची पत्रं, सगळं तिथेच. त्यामुळे "काल संध्याकाळी सगळं होतं, आज इनबॉक्स रिकामा दिसतोय" असा फोन आला की पलीकडच्या माणसाची घालमेल मला समजते. हॅकिंग झालं, हार्डडिस्क गेली, असंच त्याला वाटत असतं. पण पुष्कळदा मेल त्याच संगणकात असतात आणि अँटिव्हायरसने बाजूला नेऊन ठेवलेले असतात. घाई केली नाही तर ते परत मिळतात. घाई केली तर मात्र मिळणारे मेलही जातात. म्हणून यामागची यंत्रणा प्रत्येक मेल वापरणाऱ्याला ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं.

थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रामचं उदाहरण घेऊ. तो फुकट मिळतो आणि माझ्या बऱ्याच ग्राहकांकडे आहे. पडद्यावर इनबॉक्स म्हणून जी लांबलचक यादी दिसते, ती डिस्कवर एकच फाइल असते. नाव नुसतं 'इनबॉक्स', पुढे एक्स्टेन्शन नाही. पहिल्या दिवसापासूनचे मेल तिच्यात एकाखाली एक लिहिलेले असतात. नवा मेल सुरू होतो तिथे 'फ्रॉम' या शब्दाने सुरू होणारी एक ओळ असते, तेवढीच खूण. या रचनेला एमबॉक्स म्हणतात आणि ती १९७०च्या दशकातल्या युनिक्सपासून चालत आली आहे. शेजारी त्याच नावाची 'डॉट एमएसएफ' फाइल असते. ती फक्त अनुक्रमणिका. ती बिघडली किंवा पुसली गेली तर नवी तयार होते. मूळ फाइल गेली तर मेल गेले.

अटॅचमेंटही याच फाइलीत असतात. १९९२ साली माइम हे मानक आलं आणि मेलसोबत कुठलीही फाइल पाठवण्याची सर्वमान्य रीत ठरली. अशी फाइल बेस-६४ पद्धतीने साध्या अक्षरांत लिहिली जाते. मूळच्या तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणून १५ एमबीचं ड्रॉइंग मेलमध्ये २० एमबी जागा घेतं. व्हायरसही असाच अक्षरांच्या रूपात इनबॉक्सच्या पोटात पडून असतो. त्या अवस्थेत तो काही करू शकत नाही. कुणीतरी अटॅचमेंट उघडली किंवा बाहेर काढून चालवली, तरच तो जागा होतो.

आता अँटिव्हायरसच्या बाजूने पाहा. डिस्क तपासताना त्याच्यापुढे फायली येतात, पत्रं येत नाहीत. इनबॉक्स नावाच्या फाइलीत त्याला व्हायरसची खूण सापडते. काही अँटिव्हायरसना आतला नेमका मेल ओळखता येतो, पण तेवढाच कापून बाकीची फाइल धड ठेवणं जमेलच असं नाही. मग तो संपूर्ण फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे स्वतःच्या बंदिस्त जागेत टाकतो. एका पानावर डाग सापडला म्हणून वर्षाची खतावणीच जप्त करावी, तसा हा प्रकार.

लोकांना दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. पहिली म्हणजे त्या दिवशी एकही संशयास्पद मेल आलेला नसताना हे होतं कसं? अपायकारक मेल जुना असतो. अँटिव्हायरसच्या यादीत त्याची ओळख उशिरा येते आणि पुढच्या पूर्ण स्कॅनमध्ये तो पकडला जातो. कधीकधी तो मेल निरुपद्रवीही निघतो, कारण अँटिव्हायरसची ओळख चुकू शकते.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. "तो मेल मी त्याच दिवशी डिलीट केला होता," असं लोक शपथेवर सांगतात आणि ते खरंच सांगतात. पण एमबॉक्समध्ये डिलीट केलेला मेल लगेच पुसला जात नाही. थंडरबर्ड त्याच्या माथ्यावरच्या स्थितीच्या ओळीत एक खूण करतो आणि यादीत तो दाखवणं थांबवतो. अक्षरं फाइलीत तशीच राहतात. फोल्डर 'कॉम्पॅक्ट' होतो तेव्हाच ती जातात. माणसाच्या लेखी नाहीसा झालेला मेल अँटिव्हायरसला स्पष्ट दिसत असतो.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत हेच झालं होतं. डिस्पॅच पाहणाऱ्या मुलाने बिलाच्या नावाने आलेली झिप फाइल न उघडता मेल काढून टाकला. बरोबरच केलं. कॉम्पॅक्ट मात्र कुणी केलं नव्हतं. पुढे स्कॅनमध्ये इनबॉक्स उचलला गेला. फाइल सापडली नाही म्हणून थंडरबर्डने त्याच नावाची नवी कोरी फाइल तयार केली आणि नवे मेल तिच्यात येऊ लागले. मालकांचा फोन आला, "सर, रिस्टोअरचं बटण दिसतंय, दाबू का?" मी म्हटलं, "थांबा, कशालाच हात लावू नका." जुनी फाइल मूळ जागी परत आणली असती तर एक तर ती नव्या फाइलीवर बसली असती, नाही तर अँटिव्हायरसने तिला दुसऱ्यांदा उचललं असतं.

अशा वेळी मी ठरावीक क्रमाने जातो.

सगळ्यात आधी मेलचा प्रोग्राम बंद करायचा. मग खातं पॉप आहे की आयमॅप, हे पाहायचं. आयमॅप असेल तर मूळ मेल सर्व्हरवर असतात आणि संगणकावर फक्त नक्कल असते. ब्राउझरमधून खातं उघडून मेल दिसतात का ते बघा आणि तो अपायकारक मेल तिथूनच काढा. मग थंडरबर्डमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधलं 'रिपेअर फोल्डर' वापरलं की मेल पुन्हा उतरतात. पॉप असेल तर मेल उतरवून घेतल्यावर सर्व्हरवरून पुसण्याची सेटिंग बऱ्याच ठिकाणी असते. तेव्हा क्वारंटाइनमधली फाइल हीच एकमेव प्रत असू शकते. तिला जपायचं.

त्यानंतर विंडोजच्या अ‍ॅपडेटामधल्या रोमिंग फोल्डरात जाऊन तिथला संपूर्ण थंडरबर्ड फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचा. नव्याने तयार झालेल्या इनबॉक्स फाइलीचं नाव बदलायचं आणि तिथली जुनी एमएसएफ फाइल काढायची. मग अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये हा फोल्डर अपवाद म्हणून नोंदवायचा आणि त्यानंतरच रिस्टोअर दाबायचं. क्वारंटाइनमधली फाइल हाताने कॉपी करून सहसा उपयोग होत नाही, कारण अँटिव्हायरस ती बदललेल्या रूपात ठेवतो. परत आणायची ती त्याच्याच रिस्टोअरने. थंडरबर्ड उघडला की अनुक्रमणिका नव्याने बनते, जुने मेल दिसतात आणि नाव बदललेली फाइल वेगळा फोल्डर म्हणून समोर येते. तिच्यातले नवे मेल इनबॉक्समध्ये हलवायचे. अपायकारक मेल डिलीट करून कचरापेटी रिकामी करायची आणि इनबॉक्स कॉम्पॅक्ट करायचा.

त्या फाउंड्रीचे मेल असेच परत आले.

फोल्डर न उघडण्याचे आणखी दोन प्रकार असेच अँटिव्हायरसमुळे होतात. कॉम्पॅक्ट करताना थंडरबर्ड तात्पुरती फाइल लिहितो. नेमक्या त्या क्षणी अँटिव्हायरसने ती तपासायला धरली की काम अर्धवट राहतं. 'फोल्डरवर काम चालू आहे' असा संदेश येत राहतो आणि यादीत 'एनएसटीएमपी' नावाचे अनोळखी फोल्डर साठू लागतात. दुसरा प्रकार सर्टिफिकेटचा. आयमॅपचं सुरक्षित दळणवळण ९९३ आणि पॉपचं ९९५ या पोर्टवरून होतं. ते तपासण्यासाठी काही अँटिव्हायरस मध्ये बसून स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतात. थंडरबर्ड विश्वासू सर्टिफिकेटांची स्वतःची यादी ठेवतो. तिच्यात हे नसेल तर तो जोडणीच नाकारतो. अशा वेळी पासवर्ड बदलत बसू नका. अँटिव्हायरसमधली मेल स्कॅनिंगची सोय थोडा वेळ बंद करून पाहा, अडचणीचं मूळ लगेच कळतं.

यावर कायमचा बंदोबस्तही आहे. थंडरबर्डच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये अँटिव्हायरससाठी एक खूण करायची जागा आहे. ती केली की आलेला मेल आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलीत लिहिला जातो. तो वाईट निघाला तर तेवढाच उचलला जातो. ही खूण आजच करा. जुन्या साठ्याला तिचा उपयोग नाही, त्यासाठी रोमिंगमधला तो थंडरबर्ड फोल्डर स्कॅनमधून वगळा. वगळलं तर धोका वाढेल, ही शंका रास्त आहे. पण अटॅचमेंट उघडली की ती तात्पुरत्या फोल्डरात किंवा डाउनलोड्समध्ये उतरते आणि तिथे अँटिव्हायरसचा पहारा असतो. ते फोल्डर मात्र कधीही वगळू नका. आउटलुकचंही असंच आहे. त्याच्या पीएसटी आणि ओएसटी फायली थेट स्कॅन करू नयेत, असा मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे. अँटिव्हायरसमध्ये 'सापडताच पुसा' असं असेल तर ते बदलून 'क्वारंटाइन करा' किंवा 'मला विचारा' असं ठेवा. पुसलेली फाइल परत आणणं माझ्याही हातात नसतं.

हे सगळं वाचून कुणी अँटिव्हायरसच काढून टाकू नये. १९९९ साली मेलिसा आणि २०००च्या मे महिन्यात 'आय लव्ह यू' हे व्हायरस मेलमधूनच जगभर पसरले होते. मेलमधून येणाऱ्या व्हायरसची भीती आजही खरी आहे. पहारेकरी हवाच. पण त्याने कुठे उभं राहायचं हे मालकाने ठरवलं पाहिजे, आणि ते ठरवून देणं अँटिव्हायरस बसवून देणाऱ्या आम्हा लोकांचं काम आहे. नुसती सीडी घालून किंवा की टाकून पैसे घेणाऱ्याने ते केलेलं नसतं. पुढच्या वेळी रिन्यूअलला माणूस आला की त्याला विचारा, "माझे मेल कुठल्या फोल्डरात आहेत आणि तो वगळलाय का?" उत्तर मिळेपर्यंत त्याला उठू देऊ नका.

आणि दिवाळीच्या साफसफाईत एवढं एक काम करा. मेलचा प्रोग्राम बंद करून त्याचा पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, डिस्कवर तारीख लिहा आणि ती संगणकापासून वेगळी ठेवा. अशी प्रत ज्यांच्याकडे होती, त्यांचे मेल कायमचे गेल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.