गेटवेची लाँच

अपोलो बंदरच्या दगडी पायऱ्यांशी ती लागलेली असते, पण स्वस्थ कधीच नसते. दोरखंडाने बांधलेली असली तरी लाटेसरशी वर येते, खाली जाते, कडेला लटकवलेले जुने टायर शेजारणीच्या टायरांवर घासते. लाकडी अंग, दुमजली बांधा, वर कापडी किंवा पत्र्याची सावली, कपाळावर रंगवलेलं नाव. गर्दीच्या दिवशी पायऱ्यांपाशी तिच्यासारख्या दोन-तीन एकमेकींना खेटून उभ्या राहतात. मग आपल्या लाँचपर्यंत पोहोचायला दुसऱ्या लाँचच्या फळ्या तुडवाव्या लागतात, आणि ती दुसरी ते मुकाट्याने चालवून घेते. खलाशी एका हाताने दोर आवळत दुसरा हात पुढे करतो, "आधी लहानग्याला द्या, ताई. आता पाय टाका." लाट वर आली की पाय टाकायचा, खाली गेली की थांबायचं. तिच्याकडे जायची ही पहिली शिस्त.

देवगिरी एक्स्प्रेसने रात्री संभाजीनगर सोडून सकाळी सीएसएमटीला उतरलेली कुटुंबं या पायऱ्यांवर लगेच ओळखू येतात. डबे सोबत असतात, आजी बरोबर असते, आणि पाण्याकडे पाहण्याची नजर वेगळी असते. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, टँकर, हर्सूलचा तलाव आणि पैठणचा नाथसागर. नाथसागर विशाल आहे खरा, पण तो माणसांनी अडवलेला आहे. किती टक्के भरला हे रोज पेपरात वाचून आपण निर्धास्त होतो किंवा धास्तावतो. समुद्राची टक्केवारी नसते. हे कळायला आमच्यातल्या कित्येकांना या लाँचच्या बाकावर बसावं लागलं आहे. शाळेच्या सहलीतून, लग्नानंतरच्या पहिल्या मुंबई भेटीत, मुलाला नोकरी लागल्यावर त्याने दाखवलेल्या मुंबईत, समुद्राची पहिली जवळीक तिनेच करून दिली.

दोर सुटतो, डिझेलचा धूर येतो, पायाखालच्या फळ्या थरथरतात आणि ती अंग वळवते. त्या वळणात तिचं पहिलं मोठं काम होऊन जातं. जमिनीवरून गेटवे म्हणजे फोटोमागची भिंत. पाण्यावरून तो खरोखर दरवाजा दिसतो, कारण त्याचं तोंड इकडेच आहे. पंचम जॉर्ज 1911 मध्ये इथे उतरला त्याची ही आठवण. पायाभरणी 1913 ची, आराखडा जॉर्ज विटेटचा, उद्घाटन 4 डिसेंबर 1924 चं. आणि 28 फेब्रुवारी 1948 ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून पाण्याकडे चालत गेली. संभाजीनगरसारख्या दरवाजांच्या शहरात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट पटकन भिडते. भडकल दरवाजा काय, दिल्ली दरवाजा काय, वेस कोणत्या वाटेकडे पाहते यावरून शहर कोणाची वाट पाहत होतं ते समजतं. मुंबई समुद्राची वाट पाहत होती. शेजारी 1903 चा ताज, मागे उंच इमारतींची रांग. ती सगळी हळूहळू लहान होत एका ओळीत येते आणि एवढ्या मोठ्या शहराचा काठ एका नजरेत मावतो.

युरोपातल्या शहरांनी असा जलविहार फार देखणा करून ठेवला आहे. पॅरिसला सीन नदीवर काचेच्या छताच्या बोटी तासाभरात आयफेल टॉवरपासून नोत्र दामपर्यंतचं वैभव दाखवून परत आणतात. ॲमस्टरडॅमच्या सतराव्या शतकातल्या कालव्यांना 2010 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला; तिथल्या बुटक्या बोटी पुलांखालून अलगद सरकतात आणि दोन्ही काठांवरची अरुंद घरं ओळीने सामोरी येतात. आपल्याकडून गेलेले लोक तिथे तृप्त होतात, आणि व्हावंच. तिथलं पाणी शहराच्या दिवाणखान्यातून वाहतं.

आमची लाँच शहराच्या कामाच्या अंगणातून जाते. नौदलाच्या करड्या युद्धनौका उभ्या असतात. तिकडे कॅमेरा धरायचा नाही, हे खलाशी वेळीच बजावतो. नांगर टाकून थांबलेली मालवाहू जहाजं इतकी उंच, की त्यांच्या जवळून जाताना वरच्या मजल्यावरची माणसंही मान वर करतात. जवाहर द्वीपावर तेलाच्या टाक्या दिसतात, पलीकडे तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र, समोर न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन, आणि जानेवारी 2024 पासून वाहता झालेला अटल सेतू, खाडीवर आडवी रेघ ओढावी तसा. चार पैसे जास्त देऊन वर बसलेल्यांना वारा मिळतो, खालच्यांना पाणी हाताशी मिळतं. पेट्रोल, डाळी, यंत्रं, आपल्या घरात येणाऱ्या कितीतरी गोष्टींची वाट या पाण्यावरून आहे, हे शेंद्र्या-वाळूजच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसाला इथे प्रत्यक्ष दिसतं. त्याच्या कंटेनरचं पुढे काय होतं, ते ती त्याला दाखवते.

हिवाळ्यात तिच्या मागे कुरव पक्ष्यांचा थवा लागतो. थंड प्रदेशातून आलेले हे पाहुणे तिच्या वेगाला वेग जुळवून उडतात, पोरं किंचाळतात, आणि इतका वेळ बाकाची कड घट्ट धरून बसलेली आजी हात सोडून टाळ्या वाजवते. पावसाळ्यात तिचा स्वभाव बदलतो. समुद्र खवळला की फेऱ्या बंद. कोणी कितीही विनवलं तरी सारंग दोर सोडत नाही. हा तिचा शहाणपणा आहे.

तासाभराने ती घारापुरीला लागते. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावं या बेटावर आहेत. समुद्राच्या तळातून केबल टाकून इथे कायमची वीज आली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंची दुकानं, खाणावळी, काकड्या नि कैऱ्या विकणाऱ्या बाया, वृद्धांना डोलीतून वर नेणारे खांदे, या सगळ्यांचा दिवस लाँच किती माणसं घेऊन आली त्यावर ठरतो. सोमवारी लेणी बंद, की त्या दिवशी गल्लाही बंद.

आणि वर, लेण्यात शिरताच संभाजीनगरचा माणूस थबकतो. हे त्याने पाहिलेलं आहे. रावण कैलास हलवतो आहे, शिव अंधकासुराला शूळावर धरतो आहे, शिवपार्वतीचं लग्न लागतं आहे, आणि मध्ये चार दारांचा गाभारा, प्रत्येक दाराशी भव्य द्वारपाल. वेरूळचं एकोणतिसावं लेणं, आपलं धुमार लेणं, अगदी याच घराण्यातलं आहे. मांडणी तीच, प्रसंग तेच, सहाव्या शतकाच्या आसपासचा तोच काळ. तिथे कडेला येळगंगेचा धबधबा, इथे खाली समुद्र. सह्याद्रीच्या दोन बाजूंना एकाच विचाराने छिन्नी चालली होती. वेरूळ 1983 मध्ये आणि घारापुरी 1987 मध्ये जागतिक वारसा ठरलं. ही दोन नावं पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर असतात. त्यांना जोडणाऱ्या प्रवासाचा शेवटचा टप्पा ही लाँच पार पाडते. धुमार लेणं न पाहता घारापुरीला गेलेला माणूस त्रिमूर्ती पाहून भारावतो. धुमार लेणं पाहून गेलेला आपल्या माणसांना भेटतो.

म्हणूनच 18 डिसेंबर 2024 ची दुपार विसरता येत नाही. शंभराहून अधिक माणसांना घेऊन घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल'वर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट येऊन आदळली. दोन्ही बोटींवरचे मिळून पंधरा जण गेले. ती लाँच चुकून भलत्या वाटेला गेली नव्हती; रोजच्या वाटेवर, रोजचं काम करत होती. त्यानंतर लाइफ जॅकेट घालण्याची सक्ती कडक झाली. बाकावर बसल्यावर ते नारिंगी जॅकेट गरम होतं, फोटोत कपडे झाकतं, पण ते काढून मांडीवर ठेवणं म्हणजे त्या पंधरा जणांकडे पाठ फिरवणं आहे. क्षमतेपेक्षा एक माणूसही जास्त न घेणं, ओल्या पायऱ्यांवर धरायला कठडा असणं, मुलांच्या मापाची जॅकेटं असणं, या मागण्या फार मोठ्या नाहीत. गेटवेजवळ नवी जेट्टी होते आहे. तिथे या गोष्टी सुरुवातीपासून असाव्यात.

आलिशान क्रूझ मुंबईला येतील, काचेच्या बोटीही येतील, आणि त्यांचंही स्वागत करावं. पण सहलीच्या वर्गणीत बसणारा, नातवाला घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या खिशाला झेपणारा समुद्र या लाकडी लाँचकडेच आहे. जिथे समुद्र नाही त्या महाराष्ट्राला तिने पिढ्यान्‌पिढ्या समुद्र दाखवला. तिकीट साधं असलं तरी सुरक्षितता पहिल्या दर्जाचीच हवी, कारण तिच्या बाकावर बसलेल्या बहुतेकांचा तो पाण्यावरचा पहिला प्रवास असतो, आणि त्यांनी आपला जीव केवळ तिच्या भरवशावर सोपवलेला असतो.