मनगटावरचा गजरा

गजरा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर अंबाडा येतो. फुले माळावयाची ती केसांत, अशी आपली समजूत. परंतु आमच्या मिरजेत फुलांना आणखी एक हक्काची जागा होती, ती म्हणजे मनगट. मिरज हे गाण्याचे गाव. भोपळ्यापासून तंबोरे आणि सतारी घडविणारे कारागीर येथे पिढ्यान् पिढ्या नांदत आले आहेत. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी नामवंत गवई हजेरी लावून जातात; १९३७ साली प्रवासात निवर्तलेल्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा देह याच दर्ग्याच्या आवारात विसावला आहे. अशा गावात घरोघरी गाण्याच्या बैठकी होत, आणि बैठकीला आलेल्या गृहस्थाचे स्वागत अत्तराने, गुलाबपाण्याने आणि मनगटास बांधलेल्या मोगऱ्याच्या आखूड गजऱ्याने होई. वडील रात्री उशिरा परतत, तेव्हा जिन्यावर त्यांच्या पावलांच्या आधी त्या गजऱ्याचा वास वर येई.

हा मनगटावरचा गजरा करणे म्हणजे केसांतल्या गजऱ्याचा तुकडा तोडणे नव्हे. त्याची घडणच निराळी असते. केसांतला गजरा चोहोबाजूंनी फुललेला चालतो. मनगटावर मात्र आतल्या अंगाला फुले आली तर ती चुरडतात, देठ टोचतात, आणि घटकाभरात हाताला काळपट डाग पडतात. म्हणून कळ्यांची तोंडे साऱ्या बाहेरच्या अंगाला ठेवावी लागतात. लांबी मनगटाच्या घेरापेक्षा दोन बोटे कमी धरावयाची आणि दोन्ही टोकांना वीतभर दोर मोकळा सोडावयाचा. आणखी एक गोष्ट म्हणजे, हा गजरा स्वतःचा स्वतःला बांधता येत नाही. एका हाताने गाठ पडत नाही. आपण हात पुढे करावा आणि दुसऱ्या कोणी तरी तो बांधावा, हेच खरे.

त्याला साहित्य म्हणाल तर काहीच लागत नाही. मोगऱ्याच्या कळ्या, थोडा मरवा आणि केळीचे सोपट. केळीचा घड उतरला की तिचे खोड तोडून टाकतात. त्या खोडाचे पदर सोलून उन्हात वाळविले की त्याचे सोपट होते. ते पाण्यात भिजवून नखाने उभे चिरले म्हणजे हवे तेवढे बारीक दोर निघतात. सुताचा दोरा दिसावयास सुबक, पण तो कोवळ्या देठाला कापतो. सोपट चपटे आणि मऊ असल्यामुळे देठाला धरून राहते, शिवाय स्वतः ओलावा धरून कळीलाही ताजी ठेवते. फुकट मिळणारी वस्तू विकतच्या वस्तूपेक्षा सरस असण्याची उदाहरणे जगात थोडीच आहेत; त्यांत सोपटाची गणना व्हावी.

कळ्या मात्र पारखून घ्याव्या लागतात. संध्याकाळी उमलणारी कळी सकाळीच ओळखता येते. ती टपोरी आणि पांढरीशुभ्र झालेली असते. जिच्यावर हिरवट झाक आहे ती तोडली, तर ती मिटलेलीच सुकते. दोन कळ्या, त्यांच्या शेजारी दोन, देठ एकमेकांवर आडवे. त्यांवरून सोपटाचा एक वेढा, वेढ्यातून फास, आणि तो फास मागच्या जोडीला भिडेपर्यंत ओढावयाचा. फार ओढला तर देठ तुटतो, कमी ओढला तर बैठक रंगात येण्यापूर्वीच कळ्या गळू लागतात. हा नेमका ताण शब्दांनी सांगता येत नाही. तंबोऱ्याची तार लावणाऱ्याला तो जसा बोटांनी कळतो, तसाच फुले बांधणाऱ्यालाही. अबोलीला तर फारच हलका हात हवा. वास नाही तरी तिचा तोरा मोठा! प्राजक्ताला गाठ मुळीच सोसत नाही, त्याच्या केशरी देठातून सुईच घालावी लागते.

आमच्या बाजारात फुले विकावयास येणाऱ्या कित्येक बायका कानडी बोलत. मोगऱ्याला त्या मल्लिगे म्हणत, अबोलीला कनकांबर. गुंफलेली फुले त्या 'मोळ' म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या मापाने देत, आणि माप अर्थात विकणारीच्या हाताचे. उंचापुऱ्या, लांब हाताच्या बाईकडे गिऱ्हाइकांची गर्दी का होई, हे लहानपणीच माझ्या ध्यानात आले होते. दर्ग्याजवळच्या दुकानांत हीच फुले चादरीसाठी जाळीसारखी विणली जात आणि त्यांत सब्जाच्या डहाळ्या खोवलेल्या असत. फूल तेच, गणपतीला जाताना त्याचा हार होई, पीराला जाताना चादर.

कोटावर लावावयाचे फूल हा याच विद्येचा धाकटा भाग. पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अचकनीवरचा गुलाब त्या काळी साऱ्या देशाला ठाऊक होता, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या कोटावर तसेच फूल असावे अशी आम्हां मुलींची हौस असे. अर्धवट उमललेला गुलाब दोन बोटे देठ ठेवून तिरपा कापावयाचा, देठाला ओल्या कापसाची चिमूट गुंडाळावयाची, वरून केळीच्या पानाची पट्टी आवळून बांधावयाची आणि मागे मरव्याची एक डहाळी ठेवावयाची. ज्यांच्या कोटाच्या काजाला भोक असे त्यांचे काम सोपे. नसे त्यांच्यासाठी आम्ही टाचणी न वापरता बाभळीचा काटा वापरीत असू. ओल्या कापसाजवळ टाचणी गंजते आणि कोटाला डाग पाडते. बाभळीचा काटा सरळ, लांब आणि पांढरा, त्याला गंज कुठला?

हे सारे मला शिकविले ते आत्याने. ती आमच्याकडेच राहत असे. एकोणिसाव्या वर्षी तिला वैधव्य आले आणि ती माहेरी परतली. गल्लीत कोणाकडे मंगळागौर असो, डोहाळजेवण असो, बारसे असो, फुलांची पाटी आमच्या सोप्यावर येई आणि आत्या बांधावयास बसे. डोहाळेकरणीची फुलांची वाडी, तिच्या दंडांतल्या वाक्या, कमरपट्टा, सारे तिच्या हातचे. कार्य असे त्या घरी गजरे जात. आत्या जात नसे. तिच्या हातची फुले शुभ होती, पण त्या हाताला फुले शुभ नव्हती! हा हिशेब कोणी मांडला होता कोण जाणे. गजऱ्याचे माप ती माझ्या मनगटावर घेई आणि मोठ्या माणसासाठी त्यात दोन बोटे मिळवी. स्वतःच्या मनगटावर तिने कधी माप घेतलेले मी पाहिले नाही.

विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ सालीच मान्यता दिली होती. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह करून आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढून पुढची वाट दाखविली होती. परंतु फुलाबद्दल कोठेच काही नव्हते. ज्याची बंदी कोणी कागदावर लिहिली नाही, ती उठविणार तरी कोण? अशा बंद्या हलक्या दिसतात, आणि म्हणूनच त्या फार काळ टिकतात.

१९६२ सालच्या वैशाखात माझ्या ताईचे लग्न झाले. आदल्या रात्री जेवणे उरकल्यावर आत्या सोप्यावर ओल्या पंचावर कळ्या पसरून बसली. बायकांसाठी केसांतले गजरे आणि व्याही मंडळींसाठी मनगटावरचे. संख्या दोनशेच्या घरात होती. मी सोपट चिरून देत होते, आजी भिंतीशी टेकून सुपारी कातरीत होती. हातांना मेंदी लागली म्हणून ताईला कामाला बंदी होती. मेंदी वाळली तशी ती खरवडून टाकून तीही येऊन बसली. बराच वेळ ती नुसती पाहत होती. मग तिने तयार झालेला एक गजरा उचलला.

"आत्या, हात पुढे कर."

"माप हवे असेल तर हिच्या हातावर घे," आत्या माझ्याकडे पाहून म्हणाली.

"माप नको. तुला बांधायचा आहे."

आत्याचे हात थांबले. तिने आजीकडे पाहिले. ताईचा आवाज चढला नाही, ती म्हणाली, "केसांत माळ, असे मी म्हणत नाही. बैठकीला जाणारे पुरुष मनगटात बांधतात ना? त्यांच्यातल्या कोणाची बायको आहे आणि कोणाची गेली, हे गजरा बांधणारा विचारतो का?"

आमच्या समोरच राहणारे एक वृद्ध गृहस्थ दोन बायका निवर्तल्यानंतरही दर बैठकीहून मनगटात मोगरा मिरवीत येत. ते त्या क्षणी सर्वांनाच आठवले असावेत, कारण कोणी काही बोलले नाही. ताईने आत्याचा हात ओढून घेतला आणि गाठ मारू लागली. घाईने ती एकदा निसटली. आजीच्या अडकित्त्याचा आवाज बंद झाला होता.

"बांधतेसच तर गाठ नीट मार," आजी म्हणाली. "सुटायची."

आत्या तो गजरा हातात घेऊनच पुढच्या कळ्या बांधू लागली. पहाटेपर्यंत ते काम चालले. कळ्या रात्री उमलल्या, आणि काम करताना तिचा हात हलेल तसा वास येत राहिला. पहाटे पाहुणे उठण्यापूर्वी तिने मला पुढे बोलाविले आणि गाठ सोडावयास सांगितली. तो गजरा तिने तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली. मांडवात ती आली नाही. एका रात्रीने रूढी मोडते असे मी सांगणार नाही, मोडली नव्हती. पुढे मात्र कोणाकडे कार्य असले की आदल्या रात्री घरातले कोणी तरी आत्याचा हात ओढून घेई, आणि आजी कातरीत बसे.

२०२२ सालच्या मे महिन्यात वर्तमानपत्रात एक बातमी आली. मिरजेपासून फारशा दूर नसलेल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे प्रकार यापुढे गावात होऊ नयेत, असे त्यात होते. त्याच महिन्यात राज्य शासनानेही इतर गावांना हे उदाहरण घालून दिले. कोणी तरी अखेर ते कागदावर लिहिले होते.

पुढच्या चैत्रात आमच्या गल्लीत चैत्रगौरीचे हळदीकुंकू झाले, तेव्हा बोलावणे सरसकट सर्व बायकांना गेले. बाजारात आता नायलॉनच्या दोऱ्यात आणि सोनेरी जरीत बांधलेले मनगटावरचे गजरे तयार मिळतात. मी मात्र सोपट भिजवून चाळीस गजरे घरी बांधले. आंब्याची डाळ आणि पन्हे देऊन झाल्यावर मी पाटी घेऊन फिरले. ज्यांना पूर्वी अशा समारंभास कोणी बोलाविले नसते, त्यांतल्या तिघींनी हात पुढे केला. एकीने मान हलविली आणि हात पदराखालीच ठेवला. मीही आग्रह केला नाही.

निघताना ती दारात थांबली. पाटीतले उरलेले गजरे तिने उलटसुलट करून पाहिले, एकाची गाठ बोटाने चाचपली.

"काकू, हे सोपट किती वेळ भिजवायचे असते?"

"अर्धा तास पुरे," मी म्हणाले. "फार भिजले की बुळबुळीत होते, मग गाठ धरत नाही."